फुल्या फुल्या फुल्या

गेल्या वर्षी साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या काही फिटर मंडळींच्या मुलाखती घ्यायला मी सुरुवात केली. ध्वनिमुद्रण ऐकून ते कागदावर उतरवायचं काम पुतणीकडे दिलं. पहिली मुलाखत टाइप होऊन आली तेव्हा पानभर फुल्याच फुल्या दिसल्या. जिथे शिवी आली तिथे तिने तीन फुल्या टाकल्या होत्या. मी तिला म्हटलं, "अगं, वर्कशॉपमध्ये जन्म गेलेली माणसं ती. त्यांच्या बोलण्यात हे चालायचंच."

"काका, त्यांच्या नाहीत त्या. तुमच्या आहेत."

ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं. फिटर बिचारे 'साहेब, साहेब' करत जपून बोलत होते. मधूनमधून माझा आवाज येत होता. 'च्यायला, मग पुढे?' 'आयला, तेवढ्या रात्री?' आणि याहून जड मालही होता, सरळ 'भ'च्या बाराखडीतला. रागाने दिलेली त्यात एकही नव्हती. कुठे कौतुक होतं, कुठे नवल, कुठे नुसतं पुढचा प्रश्न सुचेपर्यंत तोंड चालू ठेवणं. दोन तासांच्या त्या गप्पांत आपण एखादी तरी शिवी दिली असेल का, असं मला कोणी विचारलं असतं तर मी शपथेवर नाही म्हटलं असतं.

तोंडात बसलेल्या शिवीचं लक्षणच हे. ज्याच्या तोंडून ती जाते त्यालाच ऐकू येत नाही.

माझे मराठीचे गुरुजी सांगत, ज्याच्यापाशी शब्द कमी तो शिव्या देतो. वर्गात ते पटायचं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ टिमथी जे आणि क्रिस्टिन जे यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे तपासून पाहिलं. ठरावीक अक्षरापासून सुरू होणारे जितके आठवतील तितके शब्द एका मिनिटात सांगायचे, मग तशाच एका मिनिटात शिव्या सांगायच्या. ज्यांना साधे शब्द भराभर सुचले, त्यांनाच शिव्याही भराभर सुचल्या. शब्दांची गरिबी असलेल्यांकडे शिव्यांचीही गरिबीच निघाली. आता शिव्या ठाऊक असणं वेगळं आणि येता-जाता देणं वेगळं, हे खरं. पण शब्दसंग्रह वाढवला की शिव्या जातील, या आशेत दम नाही. मी लिहून पोट भरतो. शब्दांची चणचण मला तरी नव्हती.

मग शिवी येते कुठून? याचं पहिलं उत्तर एका अशा माणसाकडून मिळालं, ज्याला बोलताच येत नव्हतं. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यविशारदापुढे लबोर्न्य नावाचा रोगी आणला गेला. तो तिथे एकवीस वर्षं होता. त्याला दुसऱ्याचं बोललेलं बरंचसं समजायचं, पण काहीही विचारलं तरी तोंडातून एकच अक्षर निघायचं, 'तां'. रुग्णालयात त्याचं नावच 'तां' पडलं होतं. मात्र आपलं म्हणणं समोरच्याला कळत नाही म्हणून तो चिडला, की देवाच्या नावाने एक अस्सल फ्रेंच शिवी त्याच्या तोंडून स्वच्छ बाहेर पडायची. थोड्याच दिवसांत तो वारला. ब्रोकाने त्याचा मेंदू पाहिला तर डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला होता. वाचेचं ठिकाण सापडलं म्हणून ही घटना वैद्यकाच्या इतिहासात गाजली, आणि त्या भागाला ब्रोकाचंच नाव मिळालं. शिवीकडे मात्र फारसं कोणी पाहिलं नाही. बोलण्याचा कारखाना बंद पडलेला असताना हा एक माल कुठल्या दाराने बाहेर येत होता?

पक्षाघातानंतर ज्यांची वाचा जाते त्यांच्या घरी हा प्रकार आजही दिसतो. आजोबांना 'पाणी' म्हणता येत नाही. पण शेजारी बसून कोणी रामरक्षा सुरू केली तर त्यांचे ओठ हलतात आणि शब्द उमटतात. एक-दोन-तीन धरून दिले तर ते दहापर्यंत जातात. आणि नर्सने सुई टोचली की अशी कचकचीत शिवी हासडतात की सुनांनी खाली बघावं. घरच्यांना वाटतं म्हातारा सोंग करतोय, शिव्या बऱ्या येतात! सोंग नसतं ते. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात. जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन या इंग्रज मेंदूतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवलं होतं, की जुळवून बोललेलं वाक्य आणि आपोआप बाहेर पडणारं बोलणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वाक्य म्हणजे ताजा स्वयंपाक. शब्द निवडायचे, क्रिया-कर्त्याची मोट बांधायची, मग वाढायचं. हे काम बहुतेकांत मेंदूची डावी बाजू करते. शिवी म्हणजे फडताळातला चिवड्याचा डबा. भूक लागली, हात घातला, झालं. तिच्या वाटेवर मेंदूची उजवी बाजू, भावनांशी जोडलेले खोलवरचे भाग आणि सवयीच्या हालचाली सांभाळणारा बेसल गँग्लिया नावाचा पेशीसमूह असतो. पाढे, स्तोत्रं, 'बरं का', 'काय म्हणता' आणि शिव्या हे सगळं साधारण त्याच फडताळात असतं. रामरक्षा आणि 'भ'ची बाराखडी एकाच फळीवर, हे कानाला बरं वाटत नाही. मेंदूला त्याचं काही नाही.

त्या फडताळाचं दार काहींच्या बाबतीत स्वतःहूनच उघडतं. १८८५ मध्ये फ्रान्समध्ये झिल द ला तुरेत यांनी अशा रोग्यांचं वर्णन केलं, ज्यांचे डोळे, मान, खांदे इच्छेविरुद्ध झटके देतात आणि घशातून आवाज निघतात. सिनेमांमुळे 'तुरेत' म्हणजे शिव्यांचा आजार असा समज झालाय. प्रत्यक्षात अशा दहातल्या एखाद्याच्याच तोंडून शिव्या निघतात. अशा मुलाला मारून, रागावून काही साधत नाही, उलट ताणामुळे झटके वाढतात.

डब्यात काय भरलं जातं हे लहानपणी ठरतं, आणि ते कुठल्या भाषेत भरलं जातं याला फार महत्त्व आहे. कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये बोस्टनमध्ये राहणाऱ्या तुर्की मंडळींवर एक प्रयोग केला. घाम किंचित सुटला तरी त्वचेतून वीज जरा जास्त वाहते, ते मोजायचं यंत्र बोटांना लावलं आणि तुर्की व इंग्रजी शब्द ऐकवले, दाखवले. या लोकांना इंग्रजी उत्तम येत होतं. तरी लहानपणच्या दटावणीची तुर्की वाक्यं, 'लाज नाही वाटत?' अशा थाटाची, कानी पडली की काटा जोरात हलायचा; तीच इंग्रजीत आली की बराच कमी. त्वचेला मातृभाषा कळते. पुढच्याच वर्षी जाँ-मार्क दवाल यांनी हजाराहून अधिक बहुभाषक लोकांना विचारलं, तर शिवीचा जोर पहिल्या भाषेतच सर्वांत जास्त वाटतो असंच बहुतेकांनी सांगितलं.

हिंजवडीच्या कुठल्याही कॅन्टीनमध्ये याचा पुरावा ताटाशेजारी मिळेल. जी मुलगी आईसमोर 'साला' म्हणताना जीभ चावते, ती 'एफ'ने सुरू होणारा शब्द वाक्यात तीनदा पेरते आणि तिला काहीसुद्धा वाटत नाही. तो शब्द तिला कानशिलात खाऊन शिकावा लागलेला नाही, पडद्यावरून आयता मिळालाय. त्याची धार तिच्या बोटाला लागत नाही, म्हणून ती तो सुरीसारखा न वापरता चमच्यासारखा वापरते. न्यू जर्सीला बदली झाल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये अशा एखाद्या चमच्याने समोरच्याला कापलं की मग कळतं.

आपल्या पूर्वजांना हे यंत्राविना ठाऊक होतं, याची साक्ष दगडात आहे. मुंबईत परळला सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याचा शिलालेख शके ११०८ चा, म्हणजे इसवी सन ११८७ चा. दानाचा सगळा मजकूर संस्कृतात. पण हे दान जो कोणी मोडेल त्याला द्यायची शिवी आली, आणि लेखक मराठीवर उतरला. त्या शिवीत दान मोडणाऱ्याची आई आहे आणि एक गाढव आहे. पुढचं सांगायची गरज नाही. खाली ते शिल्पातही कोरलेलं असायचं, म्हणजे न वाचणाऱ्यालाही समजावं. कोकणात असे दगड ठिकठिकाणी आहेत. वर चंद्र-सूर्य, मध्ये मजकूर, खाली गाढव. त्यांना गधेगाळ म्हणतात. 'गाळ' म्हणजे इथे नदीतला चिखल नव्हे. संस्कृतातल्या 'गालि'चा, हिंदीतल्या 'गाली'चा हा भाऊ. आपल्या 'शिवीगाळ' शब्दाच्या शेवटी अजून बसलेला. देवाब्राह्मणांशी बोलायला संस्कृत, आणि जमीन बळकावू पाहणाऱ्या गावच्या माणसाला दम द्यायला त्याच्या आईची भाषा. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखी नमुन्यांत अशा शिव्या याव्यात, याची लाज वाटून घ्यायची की अभिमान, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला गंमत वाटते.

दगडावरची शिवी आठशे वर्षं टिकली. तोंडातली मात्र झिजते, आणि भयंकर वेगाने झिजते. 'त्याच्या आईला' असं काहीतरी सुरू व्हायचं, त्यातलं पुढचं-मागचं गळून मधलं 'च्यायला' तेवढं उरलं. आज ते शाळकरी पोर मास्तरांच्या पाठीमागे निर्धास्त म्हणतं. 'हात्तिच्या' तर मुलांच्या मासिकातल्या गोष्टीत छापतात. 'हात्, तिच्या' आणि पुढे गिळलेलं काहीतरी, हे कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. उलटही घडतं. २०१० मध्ये महेश मांजरेकरांचा 'शिक्षणाच्या आयचा घो' आला तेव्हा नावावरून गदारोळ उठला. मालवणीत घो म्हणजे नवरा. आईचा नवरा म्हणजे बाप. शब्दकोश उघडून बसलं तर यात शिवी सापडतच नाही! म्हणजे शिवी अर्थात नसते. ती असते लहानपणी तो शब्द तोंडून गेला तेव्हा आजीच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्यात.

थोडीशी ती आवाजातही असते. शिरी लेव्ह-आरी आणि रायन मॅके यांनी २०२२ मध्ये एकमेकींपासून दूरच्या काही भाषांतल्या शिव्या तपासल्या. त्यांत हिंदी होती, हिब्रू, हंगेरियन, कोरियन आणि रशियन होत्या. साध्या शब्दांच्या मानाने शिव्यांत य, र, ल, व या जातीचे आवाज कमी आढळले. आपले वैयाकरण ज्यांना अंतःस्थ म्हणतात, तेच हे मऊसूत वर्ण. जीभ नुसती जवळून जाते, कुठे अडत नाही. शिवीला अडून फुटणारा आवाज लागतो. भ, च, झ, ड, ट. मराठीतले अपवाद वाचकांना चटकन आठवतील. माझ्या पुतणीच्या फुल्यांखालीच दोन होते.

या फुटण्याची आपल्याकडे पूर्वी तारीख ठरलेली असे. शिमग्याला पौर्णिमेच्या रात्री होळीभोवती बोंब मारायची, गावातल्या बड्यांची नावं घेऊन वाटेल ते बोलायचं, आणि दुसऱ्या दिवशी कोणी मनात ठेवायचं नाही. 'शिमगा जातो आणि कवित्व उरतं' ही म्हण त्या रात्रीच्या अर्वाच्य कवित्वाची आहे. साहित्यिकांनी ती उगाच आपल्याकडे ओढून घेतली. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत. मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि हातवारे करून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. हा 'बोरीचा बार'. ढोल-ताशे वाजतात, पंचक्रोशी बघायला लोटते. एरवी ज्यांच्यावरून शिव्या दिल्या जातात त्या आया-बहिणीच त्या दिवशी शिव्यांच्या मालकिणी असतात, हे मला त्यातलं सर्वांत मोठं वाटतं. बार उडवून त्या घरी जातात.

रोजच्या शिवीला अशी तारीख नसते. हेलन रॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० मध्ये एक छोटंसं निरीक्षण छापलं. उत्तर नॉर्वेच्या बर्फाळ मुलखात गेलेल्या काही प्राणिशास्त्रज्ञांच्या शिव्या त्यांनी टिपून ठेवल्या होत्या. त्यांच्या लक्षात आलं, की शिव्या दोन जातींच्या आहेत. एक वैतागाची, तंबूची दोरी तुटली, निघाली. दुसरी संगतीची, सगळे मजेत, पोट भरलेलं, तेव्हा गप्पांना फोडणी म्हणून. थोडा त्रास वाढला की वैतागाची वाढायची आणि संगतीची घटायची. आणि खरोखरच जीव मेटाकुटीला आला की कोणीच शिवी देत नसे, सगळे गप्प. मालवणात मित्राला 'मेल्या' म्हणून मिठी मारतात, कोल्हापुरात तर ज्याला शिवी दिली जात नाही त्याने आपलं काय चुकलं ते शोधावं, अशी स्थिती. ही सगळी दुसऱ्या जातीची. माझ्या ध्वनिमुद्रणातल्या फुल्याही त्याच. मी नकळत त्या फिटरांना सांगत होतो, की मी साहेब नाही, तुमच्यातलाच आहे. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही, हे वेगळं.

पहिल्या जातीच्या शिवीला मात्र खरोखर काम असतं. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाच्या रिचर्ड स्टीव्हन्स यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात धरून ठेवायला सांगितलं. एकदा शिवी पुटपुटत आणि एकदा टेबलाचं वर्णन करणारा साधा शब्द पुटपुटत. शिवीच्या वेळी हात सरासरी चाळीसेक सेकंद जास्त टिकला, नाडीही वाढली. या संशोधनाला पुढच्या वर्षी हसवून विचार करायला लावणारं इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं. स्टीव्हन्स तिथे थांबले नाहीत. २०२० मध्ये त्यांनी 'फाउच' आणि 'ट्विझपाइप' अशा दोन नव्या कोऱ्या शिव्या बनवून त्याच बर्फात आजमावल्या. लोकांना त्या गमतीच्या वाटल्या, पण वेदना काही कमी झाली नाही. बरोबरच आहे. 'ट्विझपाइप' म्हटल्याबद्दल कोणाच्या आजीने त्यांच्या तोंडात मारलेली नव्हती.

माझ्यासारख्याला झोंबणारा प्रयोग या दोहोंच्या मधला, २०११ चा. दिवसभर शिव्या देणाऱ्यांना आणि क्वचित देणाऱ्यांना त्याच गार पाण्यात हात घालायला लावले. ज्यांच्या तोंडात शिवी कायमची बसलेली, त्यांना तिचा फायदा फारसा झाला नाही. रोज चहाबरोबर घेतलेलं औषध ऐन दुखण्यात लागू पडेना. सवयीने शिव्या देणारा माणूस जबरदस्त बोलतो असं त्याला स्वतःला वाटत असतं. प्रत्यक्षात त्याची सगळी नाणी गुळगुळीत झालेली असतात, आणि ज्या दिवशी अंगठ्यावर हातोडी बसते त्या दिवशी त्याच्या खिशात खणखणीत असं एकही उरलेलं नसतं.

पण नुकसान फक्त त्याचंच असतं तर हा विषय इथेच संपला असता. 'तोंडात बसलंय हो, मनात काही नसतं' ही सबब मेंदूच्या दृष्टीने अर्धी खरी आहे. उरलेली अर्धी तपासायला वर्कशॉपात जावं. पोरांना आईवरून शिव्या घातल्याशिवाय ज्याला पाना मागता येत नाही, तो फोरमन मालक आत आला की अस्खलित, फुलीविरहित मराठी बोलतो. देवळात, सासुरवाडीला, बँकेच्या मॅनेजरपुढे त्याची शिवी कधी निसटत नाही. बटण आहे, ते वरच्यासमोर दाबलं जातं, खालच्यासमोर नाही. शिवी खाली वाहते. म्हणून ती भांडणाऱ्या दोन पुरुषांना सोडून तिथे नसलेल्या बाईवर जाऊन पडते, आणि म्हणूनच आपल्याकडे जातींची नावं शिव्या झाली. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून शिवी देणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे 'तोंडात बसलंय' चालत नाही, चालूही नये. नुसत्या असभ्य शब्दांची गोष्ट वेगळी. 'कॉलेज रोमान्स' या वेबमालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सांगितलं, की शिवराळपणा आणि अश्लीलता एक नव्हे.

मग शिवराळपणाचं करायचं काय? अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ च्या ग्रामसभेत ठराव केला, की आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड. बातमी देशभर गेली. मला त्यातली रक्कम फारशी महत्त्वाची वाटत नाही. ज्यांचा त्या शिव्यांत उद्धार होतो त्यांच्या मानासाठी गाव चावडीवर एकत्र बसून हे बोललं, ते महत्त्वाचं. कारण नुसत्या दंडाचा अनुभव फसवा आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरं निवडून अर्थतज्ज्ञ उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी एक प्रयोग केला होता, त्याचा निष्कर्ष २००० साली आला. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर करणारे कमी न होता जवळजवळ दुप्पट झाले. आधी बाईंची लाज वाटायची. आता पैसे भरले की हिशेब मिटला. दंड बंद केल्यावरही लाज परत आली नाही. ऑफिसात 'शिवी दिली की दहा रुपये' असा डबा ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आमच्या एका कचेरीत असा डबा होता. त्यातून दर महिन्याला मिसळ यायची, आणि महिनाअखेरीस मिसळीला पैसे कमी पडले की मंडळी हौसेने शिव्या देत.

दुसरा फसवा मार्ग म्हणजे 'आजपासून तोंडातून शिवी काढायची नाही' ही प्रतिज्ञा. वैद्याने औषध दिलं आणि सांगितलं, घेताना माकड आठवू नको; त्या रोग्याला मग माकडाशिवाय काही दिसेना, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये हेच पांढऱ्या अस्वलावर करून पाहिलं. अस्वल मनात आणू नका म्हटलेल्या विद्यार्थ्यांच्या मनात ते वारंवार आलं, आणि बंदी उठल्यावर तर जास्तच जोरात आलं.

त्यापेक्षा कामाची युक्ती झटक्यांवर उपचार करणाऱ्यांकडे आहे. नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ मध्ये नखं खाणं, मान उडवणं अशा सवयींसाठी एक पद्धत मांडली. तुरेतच्या रोग्यांसाठी तीच आज सुधारून वापरली जाते. तिचा गाभा दोन गोष्टींत आहे. आधी सवय पकडायची. ती कधी येते, कोणासमोर येते, येण्याआधी शरीरात काय होतं हे बारकाईने टिपायचं. मग ती यायच्या क्षणी दुसरी अशी हालचाल करायची, की पहिली करताच येऊ नये. नखं खाणाऱ्याने मूठ आवळायची. शिवीला मूठ कुठली? शिवी अडून फुटणाऱ्या आवाजाने सुरू होते, म्हणून ओठ मिटून नाकाने श्वास सोडायचा. जिथे संगतीची शिवी येते, म्हणजे गप्पांत, तिथे तिच्या जागी दुसरं पालुपदही चालतं. बर्फात 'ट्विझपाइप' कुचकामी ठरला तरी गप्पांच्या फोडणीला 'हात्तिच्या' पुरतं. तिथे वेदना नसतेच, नुसती एक जागा भरायची असते.

मी पकडण्यापासून सुरुवात केली. पुतणीने दिलेली पानं घेऊन बसलो आणि प्रत्येक फुलीच्या आधीचं वाक्य वाचलं. बहुतेक ठिकाणी समोरच्याने काहीतरी सांगून नुकतीच उसंत घेतली होती. ती शांतता मला सोसत नव्हती, एवढंच! राग नाही, मस्ती नाही, शांततेची भीती. शिवीचं कारण इतकं फुसकं निघेल असं वाटलं नव्हतं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, हे तिला लग्नानंतर आठवड्यात कळलं होतं.

नंतरचे काही आठवडे वाईट गेले. सवय पकडायला लागलं की आधी ती वाढल्यासारखी वाटते, कारण आता ती ऐकू येऊ लागते. लंडनच्या फिलिपा लॅली यांनी २०१० मध्ये दाखवलं, की नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात; पण कोणाला १८ लागले, तर हिशेबाप्रमाणे कोणाला २५४ लागतील. एकवीस दिवसांत आयुष्य बदलणाऱ्या पुस्तकांचं मग काय करायचं ते करा. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यांना दिसलं, आणि त्याचा मला फार आधार झाला. ज्या टपरीवर माझ्या बऱ्याच शिव्या जन्मल्या तिथे जाणं काही दिवस टाळलं. दारू आणि जागरण या दोन्हींनी मेंदूच्या पुढच्या भागातला पहारेकरी पेंगतो, म्हणून तशा रात्रींच्या फुल्या हिशेबात धरल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र या सगळ्यापासून वेगळी काढून सांगायला हवी. जन्मभर मवाळ बोललेली व्यक्ती पन्नाशी-साठीत अचानक शिव्या देऊ लागली, लोकांत काय बोलावं याचं भान सुटलं, वागणं कोरडं झालं, तर तो स्वभाव बदलला किंवा म्हातारपण आलं असं समजून घरात भांडत बसू नये. मेंदूचा पुढचा भाग झिजवणाऱ्या स्मृतिभ्रंशाची सुरुवात अशी होऊ शकते. अशा माणसाला मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यावं. तिथे ओठ मिटून श्वास सोडायला सांगणं म्हणजे लंगड्याला पळायला सांगणं.

परवा शेवटच्या फिटरची मुलाखत झाली. ऊसतोडणीच्या हंगामात बॉयलर मध्यरात्री बंद पडला होता, आणि ते चार तास कसे गेले, हे तो सांगत होता. सांगून झाल्यावर तो थांबला. मीही थांबलो. बऱ्याच वेळाने त्याने स्वतःहूनच पुढचं सांगितलं, जे आधी कोणाला सांगितलं नव्हतं. ध्वनिमुद्रण नेहमीप्रमाणे पुतणीकडे गेलं. रात्री तिचा फोन आला.

"काका, सदतिसाव्या मिनिटाला तुमचा नुसता 'च्' असा आवाज आहे. मग नाकातून श्वास सोडल्यासारखं काहीतरी, आणि पुढे कितीतरी वेळ काहीच नाही. इथे काय टाकू?"

"काय टाकतात अशा वेळी?"

"फुल्या तर नाही टाकता येणार," ती म्हणाली, "कंसात 'अस्पष्ट' लिहू?"